गाणं लावण्याआधी लय मोजा: साठीनंतर संगीतावर व्यायाम सुरू करताना

कोल्हापुरात साठी-सत्तरीतल्या माणसानं गाण्यावर व्यायाम सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "गाणी कुठली लावायची?" खरं तर हा प्रश्न चौथा. आधी तब्येत बघायची, मग खुर्ची आणि फरशी, मग आपले पाय दमछाक न होता किती वेगानं पडतात ते मोजायचं, आणि त्या वेगाचं गाणं शोधायचं. मराठीत तालाचीही मात्रा असते आणि औषधाचीही. गाण्यावरच्या व्यायामात या दोन्ही मात्रा एकच होतात. ठेका मिनिटाला १०० असेल तर पाय मिनिटाला १०० वेळा पडणार, ठरवून नाही, आपोआप. म्हणूनच संगीत उपयोगी पडतं आणि म्हणूनच जपूनही वापरावं लागतं: गाणं जलद असेल तर दम लागला तरी पाय थांबत नाहीत.

फायदा फक्त मन रमण्याचा नाही. जिनिव्हात ६५ वर्षांवरच्या १३४ जणांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पियानोच्या बदलत्या लयीवर चालणं, वळणं, हातपाय हलवणं, आठवड्यातून एकदा एक तास, सहा महिने. त्यानंतर या मंडळींची चाल सुधारली आणि पडण्याचं प्रमाण घटलं. कान लयीकडं, पाय फरशीवर, डोळे पुढं, असं तिन्ही एकदम सांभाळण्याचा हा सराव आहे. रस्त्यानं चालताना, कुणी हाक मारल्यावर, पिशवी हातात असताना नेमकं हेच लागतं.

तब्येत, गोळ्या आणि वेळ

गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, बायपास, पक्षाघात, गुडघा किंवा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया, मोतीबिंदूचं ऑपरेशन यांपैकी काही झालं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय सुरू करू नका. जिना चढताना छाती दाटत असेल, उठल्यावर अंधारी येत असेल किंवा वर्षभरात दोनदा पडणं झालं असेल, तरीही आधी तपासणी.

डॉक्टरांना नुसतं "व्यायाम करू का?" असं विचारलं तर उत्तर "करा की" असंच येतं. त्यापेक्षा नेमकं विचारा. माझ्या गोळ्यांत नाडीचा वेग दाबून ठेवणारी गोळी आहे का? मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशा गोळ्या घेणाऱ्यांची नाडी कष्ट वाढले तरी फारशी वाढत नाही. मग मनगटावरचं घड्याळ "सगळं ठीक" दाखवतं आणि माणूस मात्र दमलेला असतो. हाडं ठिसूळ आहेत का? असतील तर कमरेतून पुढं वाकणं आणि झटक्यानं पीळ घेणं वर्ज्य, कारण मणका दबण्याचा धोका असतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी जोरकस गोळी चालू आहे का? असेल तर व्यायामाआधी साखर मोजा. १०० च्या आत असेल तर अर्धी भाकरी किंवा एखादं केळ खाऊन अर्ध्या तासानं सुरू करा. खिशात ग्लुकोजची पुडी हवीच. हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, बसायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं.

लघवी जास्त होण्याची गोळी सकाळी घेतली असेल तर तासाभरात धावपळ होते. गोळीची वेळ आपल्या मनानं न बदलता डॉक्टरांना विचारून व्यायामाशी जुळवून घ्या. हे लिहिण्याचं कारण आहे. अनेक बायका खोकताना, पाय आपटताना लघवीचे थेंब गळतात म्हणून वर्गाला येणंच बंद करतात आणि कारण कुणाला सांगत नाहीत. व्यायामाआधी जाऊन येणं, मध्ये पाण्यासाठी म्हणून दोन मिनिटं थांबणं आणि उड्या अजिबात न ठेवणं, एवढ्यानं बहुतेकींची अडचण सुटते. वर्ग घेणाऱ्यानं हे न विचारता करून ठेवावं.

वेळ कोल्हापूरच्या हवेप्रमाणं ठरवा. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठच्या आत उरकलेलं बरं. थंडीत मात्र पहाटेची घाई नको. सांधे आखडलेले असतात, ऊन थोडं वर आल्यावर सुरू करा आणि अंग मोकळं करण्याचा भाग पाच मिनिटं वाढवा. जून ते सप्टेंबर सरळ छताखाली.

फरशी, खुर्ची, पायातलं

मोकळ्या हवेत करायचं असेल तर टाऊन हॉलची बाग, महावीर उद्यान, हुतात्मा पार्क, रंकाळ्याचा परिसर, सगळीकडं सकाळी लोक असतातच. जागा निवडताना हिरवळीचा मोह टाळा. दवानं ओली हिरवळ निसरडी असते आणि गवताखालचा खड्डा दिसत नाही. फरसबंद सपाट तुकडा बघा, आणि जवळ धरायला कठडा किंवा बाक असेल तर उत्तम. घरात शहाबादी फरशी चालते, गुळगुळीत टाइल्सवर पावसाळ्यात दमटपणानं पाय सरकतो. फरशीवर सतरंजी किंवा पायपुसणं अंथरून व्यायाम करू नका. पडण्याची निम्मी तयारी तिथंच होते.

देवळाचा सभामंडप किंवा तालमीचा हॉल मिळाला तर जागा छान, पण तिथं अनवाणी राहावं लागतं. मधुमेहामुळं तळपायाची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी व्यायाम करू नये. फरशीचा तडा, एखादा खडा लागला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. त्यांच्यासाठी पादत्राणं चालतील अशी जागा शोधा.

कोल्हापुरी चप्पल हा आपला अभिमान, पण या कामाला ती नको. तळ चामड्याचा आणि टाच मोकळी, बाजूला पाऊल टाकताना पाय चपलेतून निघतो. रबरी तळाचे, टाच धरून ठेवणारे, नाडी किंवा पट्ट्याचे साधे कॅनव्हासचे बूट पुरतात. फार जाड, मऊ तळाचे धावण्याचे बूट मात्र टाळा, त्यात पायाला जमीन नीट कळत नाही आणि तळ फरशीला चिकटल्यासारखा होऊन अडखळायला होतं. साडी असेल तर निऱ्या घोट्याच्या चार बोटं वर आणि पदर खोचलेला. सलवार-कमीज असेल तर ओढणी घरी.

खुर्ची हा सगळ्यात महत्त्वाचा सरंजाम, तरी तिच्याकडं सगळ्यात कमी लक्ष जातं. प्लास्टिकची मोल्डेड खुर्ची घेऊ नका. भार एका बाजूला पडला की तिचा पाय फाकतो. लाकडी किंवा लोखंडी, चार पायांची, पाठ असलेली, चाकं नसलेली खुर्ची हवी. बैठक जमिनीपासून ४३ ते ४५ सेंटीमीटर, म्हणजे बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकावेत आणि गुडघा साधारण काटकोनात यावा. उंची कमी असलेल्यांनी पायाखाली पाट ठेवण्यापेक्षा बुटकी खुर्ची शोधावी. बसून व्यायाम करताना आणि उठबशीच्या वेळी खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवा.

जवळचं-लांबचं असा दुहेरी नंबर एकाच चष्म्यात असेल तर खाली बघताना पाऊल धूसर दिसतं. नुसता लांबचा चष्मा असेल तर व्यायामाला तो लावा.

लय कशी मोजायची

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं यावर उभं आहे.

गाणं लावा आणि पायानं सहज ठेका धरा. पंधरा सेकंदांत किती ठेके पडले ते मोजा, चारनं गुणा. २५ पडले तर मिनिटाला १००. पायाचा असा एक ठेका म्हणजे पुढं येणारी एक मात्रा. मोबाइलवर ठेका मोजायची फुकट ॲप मिळतात, पण ती कधी दुप्पट आकडा दाखवतात. गाणं ८० चं असतं, ॲप १६० म्हणतं. आपला पाय ज्या ठेक्यावर आपसूक पडतो तोच आकडा खरा धरायचा.

आता स्वतःची चाल मोजा. सपाट जागी रोजच्या वेगानं एक मिनिट चाला आणि पावलं मोजा. मिनिटाला साधारण १०० पावलं हा बहुतेक प्रौढांसाठी मध्यम कष्टाचा वेग मानला जातो. तुमची ८४ आली तर सुरुवात ८४ च्या आसपासच्या गाण्यानं. "शेजारचे काका ११० वर करतात" हे कारण नव्हे. दोन आठवडे त्या लयीवर दम न लागता झालं की पाचनं वाढवा, अधिक नाही.

कोल्हापुरात लयीचं शिक्षण नव्यानं द्यावं लागत नाही. अल्लादिया खाँसाहेब जिथं शाहू महाराजांच्या दरबारी गायले त्या गावात, आणि पेठापेठांत भजनी मंडळं असलेल्या गावात, मात्रा मोजणारे कान घरोघरी आहेत. त्याचा उपयोग करून घ्या. आठ मात्रांचा केरवा किंवा भजनी ठेका चालण्याला, पुढं चार पावलं आणि मागं चार पावलं टाकायला अचूक बसतो. सहा मात्रांचा दादरा झुलण्याला आणि उठबस करायला उत्तम: तीन मात्रांत वर, तीन मात्रांत खाली. दादऱ्यावर चालायचा प्रयत्न मात्र नवख्यांनी करू नये. तीन-तीनच्या वजनामुळं जोराची मात्रा एकदा उजव्या पायावर, एकदा डाव्यावर येते आणि गोंधळ होतो. पुढं तोच गोंधळ तोलाचा चांगला व्यायाम ठरतो, पण दोन-तीन महिन्यांनी, खुर्ची हाताशी ठेवून.

भजनाची एक खोड ध्यानात ठेवा. अभंग ठाय म्हणजे संथ लयीत सुरू होतो आणि शेवटी गजर आला की लय चढते. सुरुवात ८० आणि शेवट १३० असं सहज होतं. ऐकायला तो क्षण भरून येणारा, पण उभ्यानं पावली घालणाऱ्या पंचाहत्तरीच्या माणसाला घसरवणाराही तोच. असं गाणं घ्यायचं तर शेवटचा भाग कापून घ्या किंवा गजर लागला की सगळ्यांनी खुर्चीवर बसून फक्त टाळ्या वाजवायच्या असा नियम करा. हलगीचंही तसंच. हलगी वाजवणारा रंगात आला की ठेका वाढतोच. प्रत्यक्ष वादक बोलावणार असाल तर त्याच्या कानाला मेट्रोनोमचा (एकसारखा ठेका देणाऱ्या यंत्राचा) इयरफोन द्या, किंवा समोर बसून हातानं लय दाखवणारा एक माणूस ठेवा.

मोबाइलवर गाण्याचा वेग बदलता येतो. १२० चं गाणं ०.९ वेगानं लावलं की १०८ होतं, ०.८५ वर १०२. सूर तसाच राहतो. ०.७५ च्या खाली आवाज खरवडल्यासारखा होतो, त्यापेक्षा दुसरं गाणं बघा.

गाण्यांची रांग आदल्या दिवशी तयार करा: अंग मोकळं करायला ८० ते ९५, मुख्य भागाला तुमच्या चालीइतकी म्हणजे बहुतेकांना ९५ ते ११५, ताकदीच्या भागाला ७० ते ९०, शेवटी ७० च्या खाली. गाणी डाउनलोड करून किंवा पेनड्राइव्हवर घ्या. फुकट ॲपमध्ये गाण्यांच्या मधोमध मोठ्या आवाजात जाहिरात येते, माणूस दचकतो आणि एका पायावर उभा असला तर तोल जातो. फोन एअरप्लेन मोडवर टाकून ब्लूटूथ सुरू ठेवा, म्हणजे कुणाचा फोन आल्यानं गाणं तुटणार नाही. आवाज एवढाच की शिकवणाऱ्याचं साधं बोलणं शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जावं. श्रवणयंत्र असलेल्यांना मोठ्या आवाजात बोल आणि सूचना दोन्ही चिरकतात. त्यांना स्पीकरपासून लांब आणि शिकवणाऱ्यासमोर बसवा.

आणि शब्द? बोल ओळखीचे असावेत, तरुणपणीचे असावेत, यात शंका नाही. स्मरणशक्ती कमी झालेल्या माणसालाही जुनं गाणं आठवतं आणि त्याबरोबर हात हलतो. पण आवडतं गाणं चुकीच्या लयीचं असेल तर ते चहाच्या वेळी ऐकावं.

चाळीस मिनिटांची मांडणी

सुरुवात बसून, आठ मिनिटं. खुर्चीच्या पुढच्या निम्म्या भागावर बसा, पाठ सरळ, तळवे टेकलेले. टाच जमिनीवर ठेवून चवडा वर-खाली, १६ वेळा. मग चवडा ठेवून टाच वर, १६ वेळा. या दोन हालचाली क्षुल्लक वाटतात, पण पोटरीचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलतात आणि उभं राहिल्यावरची अंधारी त्यामुळं टळते. त्यानंतर खांदे मागं गोल फिरवणं ८, बसल्या बसल्या पावलं उचलणं ३२ मात्रा, एक पाय पुढं सरळ करून टाच टेकवणं दोन्हीकडं ८-८. मान गोल फिरवू नका. उजवीकडं बघणं, डावीकडं बघणं, एवढंच, हळू. मान मागं टाकून गोल फिरवल्यानं चक्कर येणारे बरेच असतात.

मुख्य भाग उभ्यानं, बारा ते पंधरा मिनिटं. खुर्चीच्या मागं उभं राहून तिच्या पाठीवर हात. जागेवर चालणं १६ मात्रा. बाजूला एक पाऊल आणि दुसरा पाय जवळ, चार वेळा इकडं, चार वेळा तिकडं. पुढं टाच टेकवणं, मागं चवडा टेकवणं. चार पावलं पुढं, चार मागं. मागं जाताना पाऊल लहान. पहिले दोन आठवडे फक्त पाय. तिसऱ्या आठवड्यात हात जोडा: टाळी, मग खांद्यापर्यंत हात वर. हात डोक्यावर नेणं रक्तदाब वाढलेल्यांनी थोडंच करावं, सलग चार मात्रांपेक्षा जास्त वेळ वर ठेवू नयेत.

वळण्याला स्वतंत्र सराव लागतो. घरात पडण्याचे प्रसंग बरेचदा वळताना येतात, पाय जमिनीवर रोवून कंबर फिरवल्यामुळं. गुडघ्यालाही तो पीळ सोसत नाही. वळायचं तर पावलं टाकत वळायचं: पाव वळणाला चार मात्रा, अर्ध्या वळणाला आठ. गिरकी नाही.

कष्ट मोजायला गाण्याइतकं सोपं साधन नाही. गाण्याबरोबर अख्खी ओळ सहज म्हणता येत असेल तर कष्ट हलके आहेत. बोलता येतं पण गाता येत नाही, हा योग्य टप्पा. एक वाक्यही पुरं होत नसेल तर लगेच जागेवर हळू चालत या, गाणं बदला. नाडी दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हे मोजमाप लागू पडतं.

गाणं संपलं की थांबू नका. पायात उतरलेलं रक्त वर चढायला पोटऱ्या हलत्या असाव्या लागतात. अचानक थांबल्यावर रक्तदाब उतरून माणूस बसकण मारतो. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेतही जागेवर पावलं चालू.

ताकद, आठ मिनिटं. सगळ्यात मोलाची हालचाल म्हणजे खुर्चीतून उठणं-बसणं. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागं, नाक पायाच्या अंगठ्यांवर येईल इतकं पुढं झुका (कमरेतून पाठ गोल न करता, खुब्यातून), तीन मात्रांत उठा, तीन मात्रांत बसा. मिनिटाला ९० मात्रांचा दादरा असेल तर एका उठबशीला चार सेकंद मिळतात. आठ करा, एक मिनिट विश्रांती, पुन्हा आठ. सुरुवातीला हातानं मांड्यांवर रेटा दिला तरी चालेल. चूक होते ती खाली येताना: शेवटच्या चार बोटांत माणूस धपकन सोडून देतो. तिथंच मांडीचा स्नायू काम करत असतो आणि तिथंच मणक्याला दणका बसतो. म्हणून मोजणी खाली येताना मोठ्यानं करायची. मोठ्यानं मोजलं की श्वासही कोंडत नाही, आणि श्वास कोंडला की रक्तदाब उसळतो.

हातांसाठी डंबेल विकत घ्यायची गरज नाही. अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली म्हणजे साधारण अर्धा किलो. चार मात्रांत कोपरातून वर, चार मात्रांत खाली, दहा वेळा. बोटं दुखत असतील तर बाटलीऐवजी नॅपकिनची गुंडाळी पिळणं. लेझीम हातात घ्यायची हौस असेल तर हलकी लाकडी घ्या आणि बसून किंवा जागेवर उभं राहून छातीसमोरचे हातच करा. लेझमीच्या मूळ प्रकारांत वाकणं आणि उकिडवं होणं येतं, ते वगळा.

तोल, पाच मिनिटं, खुर्ची किंवा कठडा पकडून. पाय जुळवून उभं राहणं, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याशेजारी, मग एकापुढं एक सरळ रेषेत. प्रत्येक स्थिती १६ मात्रा. जमलं की दोन हातांऐवजी एक हात, मग दोन बोटं. डोळे मिटून करू नका. दादऱ्यावर उजव्या पायावरून डाव्या पायावर भार झुलवणं इथं शोभून दिसतं.

बायकांच्या गटात मंगळागौरीचे खेळ हमखास सुचतात. झिम्मा ठेवा, समोरासमोर टाळ्यांचा, बसून किंवा उभ्यानं. फुगडी मुळीच नको. दोघींपैकी एकीचा हात सुटला की दोघीही पडतात.

शेवटची पाच मिनिटं पुन्हा बसून. सावकाश गाणं, पोटरी आणि मांडीमागचा स्नायू ताणणं, प्रत्येकी २० ते ३० सेकंद, झटके न देता. चार मात्रांत श्वास आत, सहा मात्रांत बाहेर. उठायच्या आधी पुन्हा टाचा-चवडे दहा वेळा.

आठवड्याचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी सांगितलेलं प्रमाण असं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम कष्टाची हालचाल, दोन किंवा जास्त दिवस ताकदीचा व्यायाम, तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकद एकत्र असलेला व्यायाम. वरची चाळीस मिनिटं सोमवार, बुधवार, शुक्रवारी केली आणि दोन दिवस अर्धा तास पायी फिरलं की, बसून करायचा हलका भाग सोडला तर, पूर्ण १५० नसले तरी त्याच्या जवळ पोचता. पण पहिल्याच आठवड्यात तिथं जायचं नाही. पहिले दोन आठवडे २० मिनिटं, त्यात निम्मं बसून. तिसऱ्या-चौथ्यात ३०. पाचव्यापासून ४०.

रंकाळ्याकडेनं गाणी ऐकत फिरत असाल तर इयरफोन एकाच कानात. मागून येणारी सायकल, कुत्रं, कुणाची हाक ऐकू आली पाहिजे.

दुखणं कुठलं चालतं, कुठलं नाही? दुसऱ्या दिवशी मांड्या जड वाटणं, दोन दिवसांत उतरणं, हे स्नायूंचं दुखणं, चालतं. सांधा व्यायामानंतर दोन तासांपेक्षा जास्त दुखत राहिला किंवा सुजला तर पुढच्या वेळी लय दहानं कमी आणि उठबशा निम्म्या. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक धाप, तोंड वाकडं होणं, बोलणं जड होणं, यात थांबून बघत बसू नका. माणसाला बसवा, १०८ ला फोन करा.

गट चालवणाऱ्यांसाठी

विरंगुळा केंद्रात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात गट सुरू करायचा तर एका शिकवणाऱ्यामागं बारा ते पंधरा माणसं, आणि मागं फिरणारा एक मदतनीस. गट मोठा झाला की मागच्या रांगेतल्या चुका दिसत नाहीत, आणि नवखी माणसं लाजून मागंच उभी राहतात.

समोर तोंड करून शिकवत असाल तर आरशासारखं करा: त्यांचा उजवा पाय हवा तर तुम्ही डावा उचला. "उजवीकडं, डावीकडं" म्हणण्यापेक्षा "रस्त्याकडं, खिडकीकडं" म्हणा, विचार करायला मात्रा वाया जात नाहीत. सूचना बदलाच्या चार मात्रा आधी द्या; ऐन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दिलेली सूचना पायापर्यंत पोचेतो पुढचं आवर्तन सुरू झालेलं असतं. एका गाण्यात चारापेक्षा जास्त हालचाली नकोत. महिनाभर तीच गाणी, त्याच हालचाली ठेवायला संकोच करू नका. कंटाळा शिकवणाऱ्याला येतो, शिकणाऱ्याला आत्ता कुठं जमायला लागलेलं असतं.

कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) माणसाला ठेक्याचा विशेष उपयोग होतो, अडखळलेली पावलं लयीवर मोकळी होतात. पण त्यांचा पाय जागीच चिकटला तर हात धरून ओढू नका. थांबा, "एक-दोन" मोजा, भार एका पायावरून दुसऱ्यावर झुलवू द्या आणि मग पाऊल. त्यांची आखणी फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावी.

बसून करणाऱ्यांना वर्तुळातच बसवा, मागच्या भिंतीला नाही. अख्खा वर्ग बसून करणंही पूर्ण व्यायाम आहे, हे सांगायची वेळ येऊ नये इतकं ते सहज दिसलं पाहिजे.

सुधारणा मोजण्यासाठी

वजनकाटा इथं कामाचा नाही. पहिल्या दिवशी आणि दर आठ आठवड्यांनी दोन गोष्टी मोजून वहीत लिहा.

पहिली: हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं. ६५ ते ६९ वयात पुरुषांना १२ आणि बायकांना ११ पेक्षा कमी, ७० ते ७४ मध्ये १२ आणि १०, ७५ ते ७९ मध्ये ११ आणि १० पेक्षा कमी आलं तर पायांची ताकद वयाच्या मानानं उणी आहे. हाताचा आधार घ्यावा लागला तर आकडा शून्य लिहायचा. त्यात वाईट वाटून घेऊ नका, आठ आठवड्यांनी तिथं दोन-तीन दिसायला लागतात.

दुसरी: खुर्चीतून उठून तीन मीटर नेहमीच्या चालीनं जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. अशा माणसानं तोलाचा भाग एकट्यानं करू नये. ही चाचणी गाणं बंद ठेवून घ्या. ठेका चालू असेल तर पाय त्याच्या वेगानं जातात आणि आकडा खोटा येतो.

आजारपण, लग्नसराई किंवा गावाला जाणं यामुळं दोन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला तर परत येताना लय दहानं उतरवा, वेळ निम्मी करा आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत जुन्या जागी या. ताप येऊन गेला असेल तर तो गेल्यावरही दोन-तीन दिवस फक्त बसून, टाचा-चवड्यांपासून.